रेण्वीय कंपनांचे संगणकीय दर्शन : विनामूल्य ते मुक्त

पाण्याच्या रेणूच्या कंपनाचे ३ मूलभूत प्रकार आहेत. छापील पाठ्यपुस्तकांत ते बाणांनी दर्शविले जात. गती मात्र वाचकास कल्पावी लागे. संगणकाने ही उणीव दूर केली. १९९३ साली रॉजर सेल यांनी 'रॅसमॉल' ही रेणुदर्शक आज्ञावली मूळ संहितेसह खुली केली. तिच्यावर आधारित 'चाइम' १९९६ मध्ये आली. रेणूंची हालचाल दाखविणारी ही आज्ञावली विनामूल्य होती, परंतु तिची संहिता बंदिस्त होती. ब्राउझर बदलत गेले, तशी ती निरुपयोगी ठरली. डॅन गेझेल्टर यांनी आरंभिलेली 'जेमॉल' मुक्त संहितेची होती. पडद्यावर हलती कंपने आणि छपाईसाठी बाणांकित चित्र, दोन्ही तिने साधले. जावा ॲप्लेट मागे पडू लागताच तिचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर झाले. विनामूल्य साधन निर्मात्याच्या इच्छेवर टिकते, मुक्त साधन उपयोजकांच्या श्रमावर. अध्यापनसाधन निवडताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.