स्टेजिंग
संकेतस्थळातील बदल लोकांपुढे जाण्याआधी तपासण्यासाठी ठेवलेली त्याची हुबेहूब, पण स्वतंत्र प्रत. चाकणच्या वाहन कारखान्यांत नियमित उत्पादनाआधी चाचणीपुरत्या गाड्या बांधतात, तसाच हा टप्पा. सर्व्हरवरील सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि डेटाबेसची रचना मूळ स्थळासारखीच लागते. तिथे तफावत राहिली, तर चाचणीला अर्थ उरत नाही. उदाहरणार्थ, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा मिळकतकर ऑनलाइन भरता येतो. अशा सेवेची प्रत करताना नागरिकांची नावे व मोबाइल क्रमांक बदलून टाकावेत, पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर ठेवावा, खरे एसएमएस बंद करावेत. यात हयगय अक्षम्य आहे. प्रत पासवर्डमागे ठेवतात. बदल मूळ स्थळावर नेण्यापूर्वी बॅकअप घेतात, म्हणजे बिघाड झाल्यास जुनी आवृत्ती लगेच परत आणता येते.