युकुलेलेची चौथी तार

युकुलेले हवाईचे, असे आपण सहज म्हणतो. पण त्याचे माहेर पोर्तुगालचे मदेरा बेट. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' जहाजाने उसाच्या मळ्यांसाठी मदेराचे मजूर होनोलुलूला आणले. त्यांत नुनेस, दियाश आणि एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. आपल्याकडच्या 'मशेत' या छोट्या वाद्याचा आकार त्यांनी घेतला, आणि तारा जुळवल्या 'राजांव' या दुसऱ्या वाद्यासारख्या.

तारा तांतीच्या, म्हणजे आपल्या सारंगीसारख्या आतड्याच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. पोलादी तार मात्र त्यावर चढवू नये. ताणाने घोडी उखडते.

नातीसाठी तारा घेताना दुकानदाराने विचारले, "आजोबा, चौथी बारीक देऊ की जाड?"

खरी मेख इथेच आहे. वरून खाली तारा लागतात प-सा-ग-ध अशा. पण हा प मंद्रातला नाही बरं का, सा-च्या वरचा! ही राजांवची खूण. जाड तार लावून तो मंद्रात नेला, की खालचे सूर मिळतात, एकट्याने धून वाजवायला सोयीचे. पण मग तो खळखळाट जातो, आणि उरते छोटी गिटार.

मी बारीकच घेतली.