गिअरबॉक्स-रूपांतर, स्पोर्ट्स सेडानचे (खानदेश)

स्वयंचलित गिअरबॉक्स उतरवून त्याजागी क्लच पेडल व हाताने टाकायचे गिअर बसवणे आणि त्या ओघात इंजिनाचे ट्यूनिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांत फेरफार करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. गॅरेजमध्ये याला सरळ ‘ऑटोमॅटिकची मॅन्युअल करणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंद जळगाव (एमएच-१९) व धुळे (एमएच-१८) येथील परिस्थिती समोर ठेवून केली आहे. या कामाचे यश मिस्त्रीच्या हातापेक्षाही एका गोष्टीवर जास्त अवलंबून असते : त्याच गाडीची मॅन्युअल आवृत्ती कारखान्याने कधी काढली होती का? असे भावंड असेल, तर भाग, सॉफ्टवेअर आणि मोजमापे आयती मिळतात व काम म्हणजे मुख्यतः जमवाजमव उरते. भावंड नसेल तर प्रत्येक पायरीला नवा शोध लावावा लागतो आणि तो खर्च गाडीच्या किमतीत बसत नाही.

परदेशातील अनुभव हेच सांगतो. बीएमडब्ल्यूच्या ‘ई-४६’ पिढीतील एम-३ ला मिळणारा एसएमजी गिअरबॉक्स हा मुळात सहा गिअरचा मॅन्युअलच होता. क्लच व गिअर हलवण्याचे काम तेवढे हायड्रॉलिक यंत्रणेकडे दिलेले होते. म्हणून तेथे गिअरबॉक्स तोच ठेवून ती यंत्रणा काढणे आणि पेडल बसवणे हा रुळलेला मार्ग झाला. ‘ई-६०’ पिढीतील एम-५ युरोपात फक्त एसएमजीसह विकली गेली, पण उत्तर अमेरिकेसाठी कंपनीने सहा गिअरची मॅन्युअल काढली. त्या एका निर्णयामुळे जगभरच्या मालकांना मूळ भागांची यादी उपलब्ध झाली.

खानदेशाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण स्कोडाचे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. अजिंठ्याचा घाट चढून गेले की हा कारखाना जळगावपासून काही तासांच्या अंतरावर आहे. २००४ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचे १५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल होता. २०११ च्या लॉरा (ऑक्टाव्हियाचीच पुढची पिढी) आरएसमध्ये १६० अश्वशक्ती व सहा गिअरचा मॅन्युअल मिळे. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये शक्ती २३० वर गेली, पण गिअरबॉक्स फक्त दुहेरी क्लचचा, म्हणजे डीएसजी, उरला. २०२० ची आरएस २४५ केवळ २०० गाड्यांपुरती आयात झाली, तीही डीएसजीसह. ज्या काळात इंजिने खऱ्या अर्थाने जोरकस झाली, नेमक्या त्याच काळात ग्राहकाच्या हातून गिअरचा दांडा गेला. रूपांतराची मागणी यातून निर्माण झाली आहे आणि ती समजण्यासारखी आहे.

तरीही या घराण्यात खरा विचार करण्याजोगी गाडी आरएस नसून साधी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. २०१३ नंतरच्या या गाडीचे इंजिन १८० अश्वशक्तीचे. भारतात ती सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीसहच विकली गेली आणि तिचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर ठेवलेला होता. २०१६ ची सुपर्ब मात्र त्याच कुळातील १.८ इंजिनासह दोन्ही प्रकारांत मिळत होती. डीएसजी सुपर्बचा टॉर्क २५०, तर सहा गिअरच्या मॅन्युअल सुपर्बचा ३२० न्यूटन-मीटर. अश्वशक्ती दोन्हींची १८०. कोरड्या क्लचच्या त्या गिअरबॉक्सची मर्यादाच २५० ची असल्याने कंपनीने इंजिनाला लगाम घातला होता, हे या दोन आकड्यांवरून स्वच्छ दिसते. म्हणजे येथे मॅन्युअल बसवणे ही केवळ हौस उरत नाही; इंजिनात आधीच असलेली ताकद त्यामुळे वापरता येते. शिवाय सुपर्ब मॅन्युअलच्या रूपाने भावंड महाराष्ट्रातच जुळलेले आहे. २०१७ च्या आरएसबाबत हा युक्तिवाद तितका लागू पडत नाही, कारण तिचा तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी ३५० न्यूटन-मीटर पेलतो आणि इंजिन तेवढाच टॉर्क देते. तेथे कारण उरते ते चालवण्याच्या आनंदाचे. ते कारण कमी दर्जाचे नाही, पण वेगळे आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

कामाचा तपशील : गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पेडलांचा पूर्ण संच, क्लचचा मास्टर सिलिंडर, गिअरचा दांडा व त्याच्या दोन केबली, गिअरबॉक्सचे माउंटिंग, योग्य लांबीचे ड्राइव्ह शाफ्ट आणि रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच, इतके साहित्य लागते. या गाड्यांत क्लचला तेल ब्रेकच्याच डबीतून मिळते. स्वयंचलित गाडीत त्या डबीची क्लचकडे जाणारी नळी बहुधा बंद असते, म्हणून डबीच बदलावी लागते. स्वयंचलितचे रुंद ब्रेक पेडल तसेच ठेवले तर क्लच दाबताना डावा पाय त्यावर पडू शकतो. भंगारात सहज सापडणारा गिअरबॉक्स २.० टीडीआय डिझेलचा असतो आणि तेथेच फसगत होते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर ओढते, म्हणून त्याच्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे लांब असतात. तो पेट्रोल इंजिनाला लावल्यास महामार्गावर गाडी शांत धावेल, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना दुसऱ्या गिअरला गुदमरेल आणि पहिल्याला ओरडेल. म्हणून कोणत्या गाडीतून गिअरबॉक्स उतरवला, हे त्यावरची सांकेतिक अक्षरे पाहून ठरवले पाहिजे. विकणाऱ्याच्या शब्दावर नव्हे.

लोखंडाचे काम जमल्यावर निम्मे काम उरते. जुन्या गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनाच्या ईसीयूला (नियंत्रक संगणकाला), एबीएसला आणि मीटरला सतत संदेश पाठवत असतो. तो गेला की गाडी ‘पार्क’मध्ये आहे की नाही हे कोणी सांगत नाही, आणि सेल्फच लागत नाही. काही ठिकाणी वायरला जोड देऊन सेल्फ चालू केला जातो. त्याने गाडी सुरू होते, पण गिअरमध्ये असतानाही सुरू होते, म्हणजे अंगणात उभी गाडी उडी मारू शकते. क्लच पेडलचा स्विच जोडून ईसीयूला मॅन्युअलचे कोडिंग देणे, जोडलेल्या घटकांच्या यादीतून गिअरबॉक्स वगळणे आणि एबीएसचे कोडिंग बदलणे हाच खरा उपाय आहे. मॅन्युअल भावंडाचे सॉफ्टवेअर येथे उपयोगी पडते. स्कॅनरवर एकही चूक उरलेली नसणे ही काम पुरे झाल्याची किमान कसोटी मानावी.

हवामान हा खानदेशात नेहमी पुढे केला जाणारा मुद्दा आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. ट्रकमागे घाटात रांगताना कोरडा दुहेरी क्लच सतत घसरतो आणि तापतो. या जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर झाल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने त्याचे तेल बदलण्यासाठी सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. आक्षेप असा घेतला जातो की मॅन्युअल क्लचही रांगताना घसरतोच, आणि अर्धवट दाबून ठेवणाऱ्या पायाखाली तर लवकर जळतो. आक्षेप बरोबर आहे. फरक दुरुस्तीत आहे : मॅन्युअलची प्लेट धुळे किंवा जळगावच्या जाणत्या गॅरेजात बदलता येते, तर डीएसजीचा मेकॅट्रॉनिक भाग बिघडला की विशेष उपकरणे व महागडा सुटा भाग लागतो. ज्यांना दुरुस्तीची भीती नाही आणि ज्यांची गाडी मुख्यतः शहरात फिरते, त्यांनी डीएसजीच ठेवावा. गिअर बदलण्याच्या वेगात तो माणसाच्या हाताला मागे टाकतो, हेही मान्य केले पाहिजे.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. २००० च्या दुरुस्तीपूर्वी नोंदणी अधिकाऱ्याला कळवून व मान्यता घेऊन बराच फेरफार शक्य होता; त्यानंतर दार अरुंद झाले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला प्राधान्य दिले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ अन्वये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच दुरुस्तीने अपंग चालकासाठी वाहन अनुरूप करून घेण्याला मात्र वाट दिली. गिअरबॉक्सबाबत दोन मते आहेत. एका मते आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गिअरबॉक्सचा रकाना नाही, त्यामुळे तपशिलात फरक पडत नाही. दुसऱ्या मते आरसीवर मॉडेलच्या नावातच अनेकदा ‘एटी’ ही अक्षरे असतात, रिकाम्या गाडीचे वजनही नोंदलेले असते, आणि डीएसजी मॅन्युअलपेक्षा जड असल्याने तेही बदलते. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पहिले मत सोयीचे असले तरी न्यायालयाच्या भूमिकेशी ते जुळत नाही. म्हणून पाना हाती घेण्याआधी धुळे किंवा जळगावच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून उत्तर मिळवणे हाच सुरक्षित क्रम आहे. ‘सगळेच करतात’ हे अपघातानंतर कोणाच्याही कामी येत नाही.

इतर फेरफार : ईसीयू रिमॅप, मोठा इंटरकूलर, ब्रेक पॅड, टायर. खानदेशातील उन्हाळ्यात इंटरकूलर आधी व रिमॅप नंतर, कारण आत जाणारी हवा तापली की ईसीयू स्वतःच शक्ती कमी करते.

विमा : फेरफार कंपनीला लेखी कळवणे आवश्यक.

पुनर्स्थापना : मूळ गिअरबॉक्स, त्याचा कंट्रोलर, शाफ्ट व उतरवलेले वायरिंग न कापता जपून ठेवल्यास गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. ईसीयूचे मूळ कोडिंग काम सुरू करण्यापूर्वीच स्कॅनरने वाचून जतन करावे लागते.