मूत्र-कॅथेटर सरकणे

मूत्राशयात बसवलेली लघवीची नळी (कॅथेटर) जागेवरून हलणे, अर्धवट बाहेर येणे किंवा पूर्ण निघून पडणे. अंथरुणाला खिळलेल्या व वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेत हा प्रसंग अनेकदा येतो.

रचना : सर्वाधिक वापरात असलेली नळी अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात दोन मार्ग असतात. एकातून लघवी पिशवीत उतरते; दुसऱ्यातून टोकाजवळच्या फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात, प्रौढांत बहुधा १० मिलि.पर्यंत. हा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकून नळीला धरून ठेवतो. तोच भरलेल्या अवस्थेत मूत्रमार्गात ओढला गेला, तर मार्ग फाटून रक्तस्राव होतो आणि पुढे त्या जागी वण पडून मार्ग अरुंद होऊ शकतो.

कारणे : भरलेल्या पिशवीचे ओझे, कठड्याला पिशवी अडकलेली असताना रुग्णाला कुशीवर वळवणे, भ्रमावस्थेत किंवा स्मृतिभ्रंशात रुग्णाने स्वतः नळी ओढणे, फुग्यातले पाणी झिरपणे. काही वेळा चूक नळी घालतानाच होते. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंमी. लांब असतो, नळी मूत्राशयात पोचण्याआधी फुगा फुगवला, तर तो मार्गातच फुगतो. स्त्रियांत हा मार्ग सुमारे ४ सेंमी. असून नळी चुकून योनीत जाऊ शकते.

लक्षणे : पिशवीत लघवी न येणे, नळीच्या कडेने गळणे, ओटीपोट फुगून दुखणे, रक्त दिसणे, नळीचा बाहेरचा भाग लांबलेला वाटणे. बोलू न शकणाऱ्या रुग्णात अस्वस्थता किंवा वाढलेली बडबड एवढीच खूण असू शकते. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांत तुंबलेल्या लघवीमुळे रक्तदाब अचानक वाढून तीव्र डोकेदुखी व घाम येतो. ही आणीबाणी समजावी.

घरी काय करावे : नळीला पीळ पडला आहे का आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे का, हे आधी पाहावे. सरकलेली नळी आत ढकलू नये, ओढू नये, कात्रीने कापू नये. निघून पडलेली नळी धुऊनही पुन्हा घालू नये. लघवी थांबली असेल, रक्त येत असेल, वेदना किंवा ताप असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे. ओटीपोटातून थेट मूत्राशयात घातलेली नळी निघाल्यास तिचे छिद्र काही तासांतच आकसू शकते. म्हणून थांबू नये.

वैद्यकीय उपाय : मूत्राशयात किती लघवी आहे हे सोनोग्राफीने पाहतात, फुगा रिकामा करून जुनी नळी काढतात आणि गरज असल्यास नवी बसवतात. लघवी उतरल्याची खात्री झाल्यावरच फुगा भरतात. मूत्रमार्गाला इजा झाल्याचा संशय असल्यास पुन्हा नळी घालण्याआधी मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो.

प्रतिबंध : नळी मांडीला पट्टीने सैलसर बांधावी, पिशवी निम्म्याहून अधिक भरण्याआधी रिकामी करावी, रुग्णाला हलवताना आधी पिशवी सोडवून घ्यावी. ओढणाऱ्या रुग्णावर रागावू नये. त्याला नळी बोचते आहे का, शौचाची अडचण आहे का, हे विचारावे. नळीची गरज अजून आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारावा. गरज संपताच ती काढणे हा सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय.