ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या स्मृतीतील संकेतांचे पडद्यावरील चित्रात रूपांतर करणारे मंडल आणि त्या कामासाठी राखून ठेवलेली स्मृती यांच्या जोडणीस ग्राफिक्स कार्ड म्हणतात. मेजावरील संगणकात हे मदरबोर्डावरील खाचेत बसणारे स्वतंत्र पत्र असते. लॅपटॉपमध्ये बहुधा तसे पत्र नसते. मदरबोर्डावरच डाख देऊन बसविलेले एक संकलित मंडल व त्याच्या सभोवती स्मृतीच्या चार-सहा चकत्या एवढेच त्याचे स्वरूप असते. तरीही ‘कार्ड’ हेच नाव रूढ झाले आहे. काही लॅपटॉपांत वेगळे कार्ड नसून मुख्य संस्कारकाचाच एक भाग चित्रे रेखाटण्याचे काम करतो व त्यासाठी संगणकाची सामाईक स्मृती वापरतो.

कार्डाच्या तांत्रिक तपशिलात गणनकेंद्रांची संख्या, कंप्रता, स्मृतीचे आकारमान व वेग आणि विद्युत् शक्ती या राशी येतात. या राशींचा अर्थ त्यांच्या इतिहासावाचून नीट लागत नाही. प्रत्येक पिढीत ज्या गोष्टीची उणीव होती तिचेच मोजमाप तपशिलात पुढे आले, आणि ज्या गोष्टीकडे निर्मात्यांचे लक्ष नव्हते तिचा उल्लेखही झाला नाही. देवनागरी लिपी ही प्रारंभी अशीच दुर्लक्षित राहिलेली गोष्ट होती.

प्रारंभ : आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन कार्डे उपलब्ध होती. त्यांपैकी मोनोक्रोम डिस्प्ले अडॅप्टर हे कार्ड केवळ अक्षरे दाखवीत असे. पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी, म्हणजे २,००० घरे असत. प्रत्येक घरासाठी दोन बाइट लागत. एक अक्षराच्या संकेताचा व दुसरा ते अक्षर ठळक, अधोरेखित इ. कसे दाखवावयाचे याचा. त्यामुळे ४ किलोबाइट एवढी स्मृती या कार्डास पुरत असे. अक्षराचे घर ९ बिंदू रुंद व १४ बिंदू उंच असून २५६ अक्षराकृती कार्डावरील स्मृतीत कायमच्या कोरलेल्या होत्या. दुसरे कार्ड कलर ग्राफिक्स अडॅप्टर. त्याची स्मृती १६ किलोबाइट होती व ते ३२० × २०० बिंदूंवर चार रंग दाखवू शके. मात्र त्यातील अक्षराचे घर अवघे ८ × ८ बिंदूंचे होते.

ही रचना रोमन लिपीच्या मापाने बेतलेली होती. एक संकेत, एक घर, एक आकृती हे समीकरण इंग्रजीला पुरेसे पडते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात, खाली उकार येतो आणि मधल्या थरात जोडाक्षरे बनतात. आठ बिंदूंच्या उंचीत हे तीन थर बसविणे अशक्य होते. जोडाक्षरांसह सर्व आकृती २५६ च्या मर्यादेत, तीही इंग्रजी अक्षरे कायम ठेवून, सामावणे हेही तितकेच अवघड होते. म्हणजे कार्डाच्या तपशिलातील ‘२५६ आकृती’ हा साधा वाटणारा आकडा अनेक लिप्यांना संगणकाबाहेर ठेवीत होता.

ही अडचण एकट्या भारताची नव्हती. थाई लिपीतही स्वरचिन्हे व स्वराघाताची चिन्हे व्यंजनाच्या वर-खाली लागतात. अमेरिकेत शिकणारे व्हॅन सुवन्नुकुल यांना थाई मजकूर पडद्यावर स्वच्छ दिसावा अशी गरज भासली व तीतून १९८२ साली हर्क्युलीस कार्ड निर्माण झाले. या कार्डात ७२० × ३४८ बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळता येत असे. एका बिंदूस एक बिट या हिशेबाने एका पडद्याला सुमारे ३१ किलोबाइट स्मृती लागते. कार्डावर ती ६४ किलोबाइट, म्हणजे दोन पडद्यांपुरती होती. पुढे जगभर हिशेबाच्या तक्त्यांसाठी खपलेल्या या कार्डाचे मूळ एका आशियाई लिपीच्या गरजेत आहे, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

जिस्ट कार्ड : भारतात या प्रश्नाचा विचार प्रथम कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाला. तेथे आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांनी १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात देवनागरी व इतर भारतीय लिप्या दाखविणाऱ्या यंत्रणेवर काम केले. प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) ही संस्था पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झाल्यावर हे काम तेथे चालू राहिले व त्यातून जिस्ट कार्ड तयार झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेचे नाव परम महासंगणकामुळे (१९९१) सर्वतोमुखी झाले. परंतु सामान्य कार्यालयातील कारकुनाच्या हाती तिचे जे काम प्रत्यक्ष पोहोचले ते जिस्ट कार्डाच्या रूपाने.

जिस्ट कार्ड संगणकाच्या मोकळ्या खाचेत बसविले जाई. त्याची युक्ती अशी की, आज्ञावलीत काहीही बदल करावा लागू नये. डीबेस किंवा लोटस १-२-३ यांसारखी मजकूरप्रधान आज्ञावली नेहमीप्रमाणे पडद्याच्या स्मृतीत संकेत लिही; त्यांतील वरच्या १२८ संकेतांचा अर्थ भारतीय वर्ण असा घेऊन कार्ड त्यांची अक्षरे जुळवी. आपण मराठी लिहीत आहोत याचा आज्ञावलीला पत्ताही नसे. या संकेतांची पद्धती ‘इस्की’ या नावाने ओळखली जाते. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती प्रमाणित केली. तत्पूर्वी १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांना समान असा कळफलक ठरला होता.

इस्कीचे मर्म असे, की संकेत आकृतीला नव्हे तर वर्णाला दिलेला आहे. ‘क्ष’ हा क, हलन्त चिन्ह व ष अशा तीन संकेतांनी साठविला जातो. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठविली जाते व पडद्यावर ती व्यंजनाच्या आधी काढणे हे कार्डाचे काम ठरते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांत एका वर्णाला एकच संकेत असल्यामुळे साठविलेला मजकूर तोच ठेवून केवळ लिपी बदलता येते.

याचे महत्त्व देगलूरसारख्या गावाच्या उदाहरणाने ध्यानी येते. नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नांदेड–हैदराबाद मार्गावर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगत आहे. १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते व संस्थानाची राजभाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषांचा या टापूशी संबंध येतो. ‘देगलूर’ हा शब्द इस्कीत द, एकाराची मात्रा, ग, ल, दीर्घ उकार व र अशा सहा संकेतांनी लिहिला जातो आणि तेच सहा संकेत देवनागरी, तेलुगू वा कन्नड यांपैकी हव्या त्या लिपीत उमटतात. अर्थात हे लिप्यंतर होय, उच्चारांतर नव्हे. मराठी वाचक ‘ग’ व शेवटचा ‘र’ यांतील अकार गाळून वाचतो. तेलुगू व कन्नड वाचक लिहिलेला अकार उच्चारतो. त्यामुळे यंत्राने बिनचूक उमटविलेला शब्दही सीमेपलीकडे किंचित परका वाटतो. उर्दूची लिपी अरबी-फार्सी कुळातील व उजवीकडून डावीकडे जाणारी असल्याने ती या पद्धतीत बसत नाही. तिच्यासाठी निराळी संकेतव्यवस्था करावी लागली. ज्या प्रदेशातील जुने महसुली दप्तर बव्हंशी उर्दूत आहे, तेथे ही उणीव लहान म्हणता येत नाही.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला होता. सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव रोमन लिपीत लिहून चालणार नव्हते. ‘पाटील’ व ‘पटेल’ यांत मात्रेचा घोळ झाला, तर वाद थेट जमिनीचाच होतो. यावरून लिपीचे कार्ड ही तेव्हा चैनीची वस्तू का नव्हती हे स्पष्ट होईल.

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत (१९९१) देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतला गेला. विंडोज २००० पासून अक्षरजुळणी ही प्रचालन प्रणालीच करू लागली आणि लिपीसाठी स्वतंत्र कार्ड बसविण्याची गरज संपली.

नंतरचा विकास : १९८७ च्या व्हीजीए कार्डाने ६४० × ४८० बिंदू व १६ रंग हे प्रमाण रूढ केले. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने त्रिमितीय खेळांचे युग आणले. एन्व्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड ‘जीपीयू’ या नावाने पुढे आणले. २००६ मध्ये त्याच कंपनीच्या जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये रंग, छाया व आकार यांसाठीची वेगवेगळी मंडले जाऊन १२८ एकसारखी गणनकेंद्रे आली. ‘कोअर’ची संख्या सांगण्याची प्रथा खऱ्या अर्थाने येथून पडली. कूडा पद्धतीमुळे ही केंद्रे चित्राव्यतिरिक्त गणितासाठीही वापरता येऊ लागली.

लॅपटॉपमधील कार्डाचा तपशील : जीफोर्स आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप कार्डाचे उदाहरण घेऊ. त्यात ३,०७२ केंद्रे, ८ गिगाबाइट जीडीडीआर६ जातीची स्मृती व १२८ बिट रुंदीचा स्मृतिमार्ग आहे. स्मृतीच्या प्रत्येक तारेवरून दर सेकंदास १६ अब्ज बिट जातात; १२८ ला १६ ने गुणून ८ ने भागल्यास दर सेकंदास २५६ गिगाबाइट हा वहनवेग मिळतो. पुष्कळदा खरेदीदार स्मृतीचे आकारमान पाहतो व हा वेग पाहत नाही. कोठाराचा आकार आणि कोठाराच्या दाराची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलनेसाठी, १,९२० × १,०८० बिंदूंचे एक चित्र प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास सुमारे ८३ लाख बाइटांचे होते. सेकंदास ६० चित्रे दाखविली तरी हे सुमारे ५० कोटी बाइटच भरतात. उरलेला प्रचंड वेग ते चित्र तयार करण्याच्या मधल्या आकडेमोडीत खर्ची पडतो.

याच कार्डाची वाढीव कंप्रता १,४७० ते २,३७० मेगाहर्ट्‌झ अशी दिलेली असते व विद्युत् शक्ती ३५ ते ११५ वॉट. तपशिलातील सर्वांत महत्त्वाची बाब ही दुसरी होय, आणि जाहिरातीत तीच बारीक अक्षरांत असते. दर केंद्रास दर आवर्तनात दोन क्रिया धरल्यास कमाल गणनक्षमता खालच्या कंप्रतेला सेकंदास सुमारे ९ लाख कोटी व वरच्या कंप्रतेला सुमारे १४.५ लाख कोटी क्रिया भरते. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत दीडपटीहून अधिक फरक संभवतो. कोणता आकडा लागू हे लॅपटॉपचा निर्माता त्याची जाडी, पंखे व विद्युत् पुरवठा पाहून ठरवितो. २०१७ पासून अशा कमी शक्तीच्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ हे उपपद लागत असे. २०२१ च्या मालिकेपासून ते नावातून गेले व खरेदीदाराची एक खूण हरपली.

नावाचा भरवसा इतर बाबतींतही धरता येत नाही. मेजावरील आरटीएक्स ४०९० कार्डात १६,३८४ केंद्रे व २४ गिगाबाइट स्मृती असून ते ४५० वॉट शक्ती घेते. त्याच क्रमांकाच्या लॅपटॉप कार्डात ९,७२८ केंद्रे व १६ गिगाबाइट स्मृती असून शक्तीची मर्यादा ८० ते १५० वॉट आहे. उलट, आरटीएक्स ३०६० च्या लॅपटॉप कार्डात ३,८४० केंद्रे व मेजावरील कार्डात ३,५८४ केंद्रे होती. तरीही मेजावरील कार्डच सामान्यतः सरस ठरते, कारण त्याला १७० वॉट मिळतात.

शक्तीच्या या आकड्याला हवामानाचीही बाजू आहे. कार्डात खर्च झालेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते व तिचा निचरा स्थूलमानाने कार्ड आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात होतो. कार्डाची मर्यादा ८७° से. धरली, तर २५° से. च्या वातानुकूलित खोलीत हा फरक ६२ अंश असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२° वर गेला असता तो ४५ अंश उरतो. म्हणजे त्याच पंख्यांनी सु. एक-चतुर्थांश कमी उष्णता बाहेर पडते. मर्यादा गाठताच कार्ड आपली कंप्रता आपोआप कमी करते. वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचणीचे आकडे देगलूरच्या पत्र्याच्या छपराखाली लागू पडत नाहीत ते यामुळे. बॅटरीवर चालतानाही कार्डास पूर्ण शक्ती मिळत नाही.

सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एन्व्हिडियाच्या ए१०० या गणनकार्डांवर उभारलेला असून नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ व्या स्थानी होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या वापरामुळे लॅपटॉपच्या तपशिलातही स्मृतीच्या आकारमानाला नवे महत्त्व आले आहे. ७०० कोटी प्राचल असलेली भाषिक प्रतिकृती दर प्राचलास दोन बाइट धरल्यास १४ गिगाबाइट जागा घेते व ८ गिगाबाइटच्या कार्डात मावत नाही; प्राचलांची अचूकता घटवून प्रत्येकास अर्धा बाइट दिल्यास ती साडेतीन गिगाबाइटांत बसते, मात्र उत्तरांचा दर्जा काहीसा उतरतो.