रत्नखचित अंगठी : आपल्या प्रदेशाची परंपरा व तिची जपणूक

आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांत माणिक, पाचू किंवा पोवळे जडविलेली एखादी तरी वडिलार्जित अंगठी आढळते. खड्यांचा संबंध ग्रहफलाशी जोडण्याची चाल आहे. तो विचार येथे कर्तव्य नाही. अंगठीमागील इतिहास व तिची निगा एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जव्हार-मोखाडा हा प्रदेश नाशिक-त्र्यंबकाकडून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर वसला आहे. या किनाऱ्यावरील सोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख असून, पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे गाड्यांतून भडोच बंदरास जात, असेही त्यात नमूद आहे. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. त्यात तांबे, रुपे, दगड, स्फटिक व सोने यांच्या, एकीत एक बसविलेल्या डब्या निघाल्या. सर्वांत आतील सोन्याच्या डबीत रत्न नव्हते. मातीच्या पात्राचे लहान तुकडे होते! स्फटिक आणि सुवर्ण यांनी तेथे एक पवित्र स्मृती जतन केली होती.

जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा इतिहास इ. स. १३४३ पासून सांगितला जातो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १६६४ च्या सुरत स्वारीस जाताना श्रीशिवछत्रपतींना विक्रमशाह राजांनी शिरपेच अर्पण केला व त्यावरून त्या स्थळास शिरपामाळ हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले. राजकारण पालटले, शिरपेचाची आठवण मात्र माळाच्या नावात राहिली.

आपल्या घरांतील आठवण अंगठीच्याच आधाराने टिकते. म्हणून तिची निगा ठाऊक हवी. मोह्स यांच्या १८१२ च्या काठिण्यमापाप्रमाणे हिरा १०, माणिक व नीलम ९, अकीक सुमारे ७, पिरोजा ५ ते ६, तर मोती व पोवळे ३ ते ४ च्या आसपास. धुळीत गारेचे कण असतात व त्यांचे काठिण्य ७. म्हणून मऊ खडे कोरड्या फडक्याने घासू नयेत. पाचूतील नैसर्गिक चिरांत बहुधा तेल मुरविलेले असते. कढत पाण्याने ते निघून जाते. मोती व पोवळे चुन्याच्या जातीचे असल्याने लिंबू-चिंचेच्या आंबटाने झिजतात. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत डाक असतो. त्यात पाणी शिरले की तो काळवंडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. ती अंगठी पाण्यात बुडवू नये. मुसळधार पावसाच्या आपल्या मुलखात ही काळजी विशेष घ्यावी, व प्रत्येक अंगठी निराळ्या मऊ कापडात ठेवावी.

लग्नसराईत अनेक जुन्या अंगठ्या मोडीत निघतात. सोने तोलले जाते, खडा वेगळा होतो, आणि ती देणाऱ्या आजीचे नावही त्याबरोबर नाहीसे होते. यास्तव ज्ञातिभगिनींना व बांधवांना विनंती की, अंगठी कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिली हे आजच वडीलधाऱ्यांस विचारून एका चिठ्ठीवर लिहावे व ती चिठ्ठी अंगठीच्या डबीत ठेवावी.