देहाचे माप आणि मैदानावरची जागा

दिवाळीच्या दिवसांत, चकलीचा तुकडा तोंडात असताना वजनाच्या काट्याची गोष्ट काढणे हे तसे अरसिकपणाचेच. पण आज ज्या खेळाचा इतिहास सांगायचा आहे, त्यात काट्यावरचा आकडा हा तरुणांच्या नशिबाचा लेख समजला जातो. हा खेळ म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल. नावावर जाऊ नका. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी याचे नाते नावापुरतेच उरले आहे. इथे चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून पळतात, हातानेच फेकतात, आणि प्रतिपक्षाला अंगाच्या जोरावर जमिनीवर लोळवणे हा गुन्हा नसून कर्तव्य असते.

या खेळात एक गडी असा असतो की त्याचे सारे लक्ष एकाच माणसावर खिळलेले असते. प्रतिपक्षाचा नायक, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो दोन पावले मागे सरकून चेंडू लांब फेकायच्या बेतात असतो. त्याच्या हातून चेंडू सुटण्याआधीच त्याच्यावर झडप घालायची, हे या गड्याचे काम. त्याला पास रशर म्हणतात. त्याला वेळ मिळतो तो अडीच-तीन सेकंदांचा, आणि वाटेत पहाडासारखे रक्षक उभे असतात. अशा माणसाची अंगकाठी कशी असावी आणि त्याला कुठे उभे करावे, या प्रश्नाने तिथल्या प्रशिक्षकांच्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली आहे.

प्रारंभी हा प्रश्न नव्हताच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला, तेव्हा एकेका बाजूला पंचवीस गडी होते आणि चेंडू हाती घेऊन पळण्याची मुभाच नव्हती. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० च्या सुमारास अकरा गड्यांचा संघ आणि समोरासमोरची रेषा ठरवून दिली. आणि खेळाला शिस्त आली तशी धुमश्चक्रीही आली. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध पाचरीसारखी रचना करून सारे गडी एकाच ठिकाणी घुसवले. अशा युद्धात वजन हेच शस्त्र. ज्याचे अंग भारी तो पुढे, एवढेच शास्त्र.

याची किंमत तरुणांनी प्राणांनी मोजली. १९०५ च्या एकाच हंगामात अठरा-एकोणीस मुले दगावल्याची मोजणी वर्तमानपत्रांनी छापली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले आणि खेळ सुधारण्याची समज दिली. १९०६ साली नियम बदलले, आणि त्यांतला सर्वांत मोठा बदल म्हणजे चेंडू पुढे फेकण्याची परवानगी. हेतू असा की गर्दी फुटावी, खेळ मोकळा व्हावा. १९१३ साली नोत्र दाम या महाविद्यालयाने लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असे हरवले ते या फेकीच्याच बळावर. फेकणारा आला, तेव्हा त्याच्यावर धावून जाणाराही आलाच. पास रशरचा जन्म हा असा, माणसे वाचवण्यासाठी केलेल्या नियमातून झाला.

तरीही बराच काळ या कामासाठी वेगळा देह घडला नाही. कारण साधे होते. गडी बदलण्यावर कडक बंधने होती, त्यामुळे तोच मुलगा चढाईतही खेळे आणि बचावातही. ज्याला तासभर सर्व कामे करायची त्याला फार जड होऊन चालत नसे. नोत्र दामच्या १९२४ च्या संघातले चार विख्यात वीर घ्या. चौघांपैकी एकाचेही वजन १६२ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७४ किलोंच्या वर नव्हते. १९४१ साली गडी बदलण्याची सवलत मिळाली, १९५३ साली ती आखडली गेली, आणि १९६४-६५ च्या सुमारास बंधने उठली. तेव्हापासून चढाईचा संघ निराळा, बचावाचा निराळा. प्रत्येक जागेसाठी जणू मापाने शिवलेला माणूस शोधण्याची चाल पडली ती इथून.

आता या जागा कोणत्या ते पाहू. बचावाच्या रेषेच्या मध्यभागी उभा राहतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. त्याच्यापासून क्वार्टरबॅकपर्यंतचे अंतर सर्वांत कमी. पण त्याच्या अंगावर बहुधा दोन-दोन रक्षक धावून येतात. शिवाय चेंडू घेऊन मधूनच घुसणाऱ्यालाही त्यानेच रोखायचे. इथे वजन हवेच. रेषेच्या टोकाला एक हात जमिनीला टेकून बसतो तो डिफेन्सिव्ह एंड. त्याला एका रक्षकाला वळसा घालून जायचे असते. वाट लांब, पण मोकळी. इथे पहिल्या पावलाची चपळाई आणि लांब हात कामी येतात. हात लांब असले की रक्षकाचे हात आपल्या छातीला भिडण्याआधी आपले त्याला भिडतात. आणि तिसरा तो आउटसाइड लाइनबॅकर. हा टोकालाच, पण उभा असतो. कधी धावून जातो, कधी मागे सरून फेकीची वाट अडवतो. हा तिघांत हलका असला तरी चालतो.

मग हलक्या गड्याला टोकाला हात टेकून का बसवू नये? कारण प्रतिपक्ष काही डोळे मिटून खेळत नाही. टोकाचा माणूस हलका दिसला की तो चेंडू घेऊन नेमका त्याच्याच अंगावरून पळतो. जड माणसाला टोकाला ठेवले तर वळसा घालता घालता त्याचा दम जातो. तात्पर्य, देहाचे माप माणूस किती चांगला हे सांगत नाही. त्याने कोणत्या वाटेने जावे एवढेच सांगते.

याचे ठळक उदाहरण लॉरेन्स टेलर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो आला तो रेषेतला गडी म्हणून. १९७९ च्या हंगामाआधी त्याला रेषेतून उचलून लाइनबॅकर केले, आणि १९८० साली त्याने क्वार्टरबॅकला सोळा वेळा लोळवले. सहा फूट तीन इंच उंची आणि २३७ पौंड, म्हणजे सुमारे १०७ किलो वजन. १९८१ च्या निवडीत न्यूयॉर्क जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचलले, आणि व्यावसायिक खेळात त्याने अशी दहशत बसवली की प्रतिपक्षांना आपल्या रक्षकांची मांडणीच बदलावी लागली.

याच सुमारास जिमी जॉन्सन नावाच्या प्रशिक्षकाने उलटा विचार केला. १९८४ पासून मायामी विद्यापीठात त्याने चपळ मुले एकेक पायरी पुढे आणली. मागे राखण करणाऱ्याला लाइनबॅकर केले, लाइनबॅकरला टोकाचा गडी, टोकाच्याला मधला. प्रत्येक जागेवर माणूस थोडा हलका, पण कितीतरी वेगवान. १९८७ साली मायामी राष्ट्रीय विजेते ठरले. वजन वाढवता येते, वेग विकत मिळत नाही, हा धडा त्यातून साऱ्यांनी घेतला.

पण काट्याची आणि फूटपट्टीची सत्ता एवढ्याने संपली नाही. लुईव्हिल विद्यापीठाच्या एल्व्हिस डूमरव्हिलने २००५ साली वीस वेळा क्वार्टरबॅकला लोळवले. एवढा पराक्रम करूनही २००६ च्या निवडीत त्याचे नाव आले ते थेट चौथ्या फेरीत, १२६ वे. दोष एकच. उंची पाच फूट अकरा इंच. मात्र त्याचे हात उंचीच्या मानाने विलक्षण लांब होते. २००९ साली डेन्व्हरने त्याला उभे राहून धावून जाणाऱ्या लाइनबॅकरची जागा दिली आणि त्या वर्षी सतरा सॅक घेऊन तो साऱ्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही आपली म्हण त्याच्यावरच बेतावी.

पिट्सबर्गचा आरन डॉनल्ड तर मधल्या जागेवर खेळे. सुमारे सहा फूट एक इंच, २८५ पौंड. मधल्या जागेसाठी ठेंगणा आणि हलका, असा शेरा त्याच्यावर होता. परंतु आपल्या तालमीत बुटका मल्ल पटात शिरला की धिप्पाड गड्याचे पाय जसे उखडतात, तसेच इथे झाले. जो खाली वाकला त्याचा जोर वरच्याला भारी पडतो. २०१४ साली तेरा क्रमांकावर निवडलेला हा गडी पुढे २०१७, २०१८ आणि २०२० अशा तीन वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला. उलट नेब्रास्काचा एन्डॅमुकाँग सू हा ३०७ पौंडांचा. तोही त्याच मधल्या जागेवरून २००९ साली साऱ्या देशात गाजला. एकाच जागेची दोन कुलुपे. एकाने ती खालून उघडली, दुसऱ्याने दार मोडून.

हा सारा इतिहास नुसत्या गमतीचा नाही. अठरा वर्षांचा मुलगा महाविद्यालयात येतो तेव्हा त्याची शिष्यवृत्ती, शिक्षण आणि पुढची मिळकत या जागेच्या प्रश्नाशी बांधलेली असते. प्रशिक्षकाने टोकाच्या मुलाला मध्ये न्यायचे ठरवले, की त्याला वीस-तीस पौंड अंगावर चढवावे लागतात. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी व्यावसायिक संघात पोचतात ते शंभरात एखाद-दोन. बाकीचे पदवी घेऊन घरी जातात, आणि खेळासाठी चढवलेले वजन, झिजलेले गुडघे व ताणलेले हृदय बरोबर घेऊन जातात. म्हणून जागा चुकणे ही केवळ सामन्याची हार नव्हे. ती कधी कधी एका मुलाच्या साऱ्या पुढच्या आयुष्याची हार असते.

१९०६ साली मुलांचे प्राण वाचावेत म्हणून नियम बदलावे लागले. आज नियम पुष्कळ आहेत. पण मुलाला काट्यावर उभे करून त्याची जागा ठरवायची, की त्याची जागा ओळखून काटा बाजूला ठेवायचा, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ते ठरवायला पाहणाऱ्याची नजर लागते. जिमी जॉन्सनकडे ती होती, टेलरला रेषेतून उचलणाऱ्यांकडे होती. आणि डूमरव्हिलला पहिल्या तीन फेऱ्यांत ओलांडून पुढे गेलेल्या संघांकडे फूटपट्टी मात्र अगदी बिनचूक होती.